बडोद्याची वाट

आमच्या सिल्वासातल्या मुलीला चित्रकला किंवा नृत्य शिकायचं म्हटलं की घरात नाव निघतं ते बडोद्याचं. वापीहून गाडीत बसलं, सुरत-भरूच मागे टाकलं की आलंच. पाठोपाठ प्रश्नही ठरलेला, “नाच शिकून पोरीचं लग्न कसं जमायचं?” (कॉमर्सला घातलं तर तो कुणाला पडत नाही, ते असो.) म्हणून मैत्रिणींनो, ही वाट कशी पडली ते आपल्याला ठाऊक हवं.

नाशिककडच्या कवळाण्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, ते सयाजीराव. १८८६ साली त्यांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली. मौलाबक्षांनी गाणं कागदावर उतरवणारी स्वरलिपी केली होती. गोष्ट लहान दिसते, पण एरवी गाणं मिळायचं ते उस्तादाच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून. घरंदाज म्हणवणाऱ्या मुलींना ते दार बंदच. वही आणि वर्ग आले, तसं ते किलकिलं झालं.

तीच शाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली. विद्यापीठ १९४९चं, पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. वर्षभरात चित्र-शिल्पाची फॅकल्टी निघाली, आणि इंदूरचे आपले ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायला आले. तेव्हा सिल्वासा पोर्तुगीजांकडेच होतं, सुटलं २ ऑगस्ट १९५४ला. सोडवणाऱ्यांत सुधीर फडके होते, आणि त्या कामाच्या पैशासाठी लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला होता. गाण्याने काय होतं, असं निदान सिल्वासाकराने तरी विचारू नये!

नाचाची हकीकत मात्र सरळ नाही. १८८०मध्ये सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं. तिच्याबरोबर नर्तकी आल्या, आंदण म्हणून. हो, माणसं आंदण! गौरा आणि कांतिमती या तंजावरी नर्तकी बडोद्याच्या दरबारात नाचत. कांतिमतीचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे विद्यापीठात नृत्य शिकवू लागले. आई दरबारची नर्तकी, मुलगा विद्यापीठाचा शिक्षक. नाचाला पदवी मिळाली, मान मिळाला. तो ज्यांनी इथवर आणला त्या बायांची नावं किती जणींना ठाऊक आहेत? मला हे सलतं.

आपल्या समाजातल्यांसाठी आणखी एक. बडोद्याजवळ अकोट्याला जमिनीतून जैन कांस्यमूर्ती निघाल्या. डॉ. उमाकांत शाहांनी १९५९मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यातल्या जीवंतस्वामींच्या एका मूर्तीच्या बैठकीवर ती देणाऱ्या नागीश्वरी श्राविकेचं नाव कोरलेलं आहे, सहाव्या शतकातलं.

नणंदेच्या मुलीला तिथेच कलेचा इतिहास शिकायचाय. सासूबाईंना अजून पटलेलं नाही. प्रवेशपरीक्षेला तिच्याबरोबर मी जाणार आहे. सासूबाईंना म्हटलंय, तुम्हीही चला, म्युझियममध्ये जीवंतस्वामींचं दर्शन होईल. त्या ‘बघू’ म्हणाल्यात.