शनवार तेल्यांची शाळा

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मुकुंदराजांची समाधी नाहीतर हत्तीखाना असणार. त्यावर लिहिणारे आपल्या अंबाजोगाईत पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी लिहितेय मुंबईत माझगावला असलेल्या एका शाळेबद्दल, जी मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी आपल्या मुलामुलींसाठी काढली. आपल्या कन्या शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कुठून आला, ते आधी सांगते.

मी पुण्यात हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर तयार करते. त्यात प्रत्येक कंपनीसाठी 'साप्ताहिक सुट्टी' असा एक रकाना भरावा लागतो. बहुतेक जण रविवार टाकतात आणि पुढे जातात. चार-पाच वर्षांपूर्वी इस्रायलमधल्या एका कंपनीचं काम आलं. त्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि सुट्टी शुक्रवार-शनिवार. तिकडच्या टीममधली एक मुलगी एकदा कॉलवर मध्येच मराठीत म्हणाली, "थांबा जरा." आजीकडून आलेले असे दोन-चारच शब्द तिच्यापाशी होते. आजी माझगावच्या शाळेत शिकलेली. तिथून मी या विषयावर वाचायला लागले, आणि वाचताना सारखं आपलं गाव आठवत राहिलं.

आपल्याला सुट्टी रविवारी, शनिवारी सकाळची शाळा. पलीकडच्या उर्दू शाळेला सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारी आपण गल्लीत खेळत असायचो तेव्हा शेजारची मुलं दप्तर घेऊन निघायची. आणि माझ्या आजोबांच्या लहानपणी, अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद असताना, निजामाच्या राज्यात सगळ्यांनाच सुट्टी शुक्रवारी असे. हिंदू मुलांनाही. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ती रविवारवर गेली. आठवड्याची सुट्टी राज्यकर्त्याच्या वाराला असते, हे मराठवाड्याने एकाच पिढीत दोनदा पाहिलं आहे.

बेने इस्राएल लोकांनी मात्र स्वतःचं राज्य नसताना, कित्येक शतकं, आपला वार धरून ठेवला. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि कोकणातच राहिली. तेलाचे घाणे हा त्यांचा धंदा झाला. गावांवरून आडनावं पडली: केहिमकर, राजपूरकर, पेणकर, दिवेकर. भाषा मराठी, बायकांचा वेश कोकणी. हिब्रू विसरली गेली, ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हता. राहिलं काय, तर सुंता, खाण्यापिण्याचे नियम, 'शमा इस्राएल' ही एक प्रार्थना आणि शनिवारी घाणा बंद. शेजारच्यांनी नाव दिलं शनवार तेली. सोमवारी बैलाला विसावा देणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली. कोणी नावाला हसलं नाही. कोकणातल्या माणसाला त्यात वेगळं काही वाटलंच नाही.

या समाजात सांगितली जाणारी एक कथा मला फार आवडते. डेव्हिड राहबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. ज्यू शास्त्राचा नियम नेमका तोच आहे. राहबीची खात्री पटली. मग त्याने तीन कुटुंबांतले पुरुष निवडले आणि त्यांना धर्मशिक्षण दिलं! परीक्षा दिली बायकांनी आणि शाळेत घातलं पुरुषांना. कथा किती खरी ते इतिहासकार ठरवोत, पण निकाल ओळखीचा वाटतो.

ज्यूंची शिकण्याची रीत आठवड्याच्या वारांना बांधलेली आहे, हे मला माहीत नव्हतं. तोरा हा त्यांचा मूळ ग्रंथ ५४ भागांत वाटलेला असतो. सभास्थानात दर शनिवारी एक भाग वाचायचा, कधी दोन जोडून, आणि वर्षात ग्रंथ पुरा करून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. जगात कुठेही गेलात तरी त्या आठवड्याला साधारण तोच भाग चाललेला असतो. चालू भागातला थोडा मजकूर सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात. का, तर प्राचीन काळी ते बाजाराचे वार होते. खेड्यातली माणसं त्या दिवशी गावात येत, म्हणून वाचन त्याच दिवशी ठेवलं. शिवाय वाचनाशिवाय सलग तीन दिवस जाऊ नयेत, असाही हिशोब त्यात आहे. आपल्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी वर्गात अर्धी बाकं रिकामी असायची आणि बाई वैतागायच्या. कोणीतरी दोन हजार वर्षांहून आधी त्याच अडचणीचा उलट विचार केला होता. माणसं जिथे येणारच आहेत, धडा तिथे न्यायचा.

कोकणातल्या लोकांपर्यंत हे सगळं हळूहळू परत आलं. १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सभास्थान बांधलं. कोचीहून ज्यू शिक्षक आले. कोचीकडे मुलीही हिब्रू वाचायला शिकत, आणि बायका मल्याळी गाणी वह्यांमध्ये लिहून ठेवत. कोकणात मुलींच्या हाती अक्षर आलं ते मात्र बरंचसं मिशनऱ्यांमुळे. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलं आली. १८२७ च्या अखेरीला सिंथिया फॅरार मुंबईत उतरल्या, मुलींच्या शाळांसाठीच. पुढे १८३९ मध्ये त्या आपल्या शेजारच्या अहमदनगरला गेल्या. सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकल्या ती हीच जागा. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. हेतू धर्मांतराचा होता, त्यात लपवाछपवी नव्हती. बेने इस्राएलांनी अक्षर घेतलं, व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. एवढी सरळ देवाणघेवाण इतिहासात फार वेळा दिसत नाही.

मग मराठी छपाईचा काळ आला. सणाच्या रात्री घरी वाचायची हगादा ही पोथी १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ ची पुण्याची हगादा तर चित्रांची आहे, आणि त्यात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनेची वीसहून अधिक पुस्तकं हिब्रूतून मराठीत आणली. १८८० च्या सुमारास या समाजाने कीर्तन सुरू केलं, आपल्या हरदासी पद्धतीचंच, फक्त आख्यान अब्राहामाचं किंवा मोशेचं. ज्या बाईला सभास्थानातली हिब्रू कळत नव्हती, तिला तिच्याच धर्माची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण कळली ती अशी मराठीतून.

याच हवेत १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढलं. केहिमकर अलिबागचे, सरकारी नोकरीतले गृहस्थ. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनची मदत मिळवून त्यांनी शाळा चालवली. आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहासही त्यांनीच १८९७ मध्ये लिहून ठेवला, पण तो छापून निघायला १९३७ साल उजाडलं आणि निघाला तो थेट तेल अवीवला. शाळेत मराठी होती, इंग्रजी होती, हिब्रू होती, आणि सुट्टी शनिवारी. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. पण मुंबईच्या कचेऱ्या, रेल्वे, गोद्या यांना शनिवार ठाऊक नव्हता. घाणा सोडून शहरात आलेला बेने इस्राएल कारकून शनिवारी कामावर जात होता, कारण नाहीतर पगार कापला जाई. कोकणात स्वतःच्या घाण्यावर जे सहज पाळता येत होतं, ते शहरात मालकाच्या हातात गेलं. अशा वेळी बापाची सुट्टी गेली तरी मुलांची राहील अशी जागा म्हणजे ही शाळा. शुक्रवारी संध्याकाळी आई दिवे लावणार, दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक आधीच झालेला असणार, आणि सकाळी मुलीला कोणत्याही हजेरीपटावर गैरहजर लागणार नाही.

पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीतून शाळेला त्यांचं नाव मिळालं, ते आजही आहे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं १९२२ साल. त्या वर्षी रिबेका रूबेन या शाळेच्या मुख्याध्यापक झाल्या आणि १९५० पर्यंत राहिल्या. त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, १९०५ च्या मॅट्रिक, पुढे इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या. हुजूरपागेतूनच आणखी एक मुलगी निघाली, जेरुशा झिराड. मोठी बहीण आजारी असताना कामा हॉस्पिटलमध्ये बाई डॉक्टरांनी तिला वाचवलं, ते पाहून तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. लंडनची एम. डी. होऊन आली आणि १९२८ पासून त्याच कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९१३ मध्ये मुंबईत बेने इस्राएल बायकांचं स्त्री मंडळ उभं राहिलं, त्यामागेही झिराड होत्या. मासे निवडणाऱ्या बायकांपासून इथवर यायला किती काळ गेला ते सांगता येत नाही, पण शाळा निघाल्यापासून बाई मुख्याध्यापक होईपर्यंत ४७ वर्षं गेली.

सणांची नावं लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नव्याचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, खिरीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा रोजा. पुरीमला त्यांनी होळीचा सण म्हटलं, कारण दोन्ही एकाच सुमारास येतात. बिरड्याच्या रोज्याला जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक असतो, आणि उपास सुटतो तो वालाच्या बिरड्यावर! वाइन नाही, म्हणून मनुकांचं सरबत. मटणात दूध चालत नाही, म्हणून नारळाचं दूध. नवस फेडायला पोह्यांचा मलिदा आणि एलियाहू हन्नाबीचं स्मरण.

१९४८ नंतर लोक जायला लागले. त्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. आता चार-पाच हजार उरले असतील. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा मोजायला माणसं थोडीच होती. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. माझगावची शाळा चालू आहे, तिथे आता बहुतेक मुलं मुसलमान घरांतली आहेत.

आता आपल्याकडे. मेळाव्याच्या यादीसाठी चौथीचा जुना हजेरीपट काढला होता, त्याचा फोटो ग्रुपवर सगळ्यांनी पाहिला. दिवाळीपर्यंत सगळी नावं ठीक चाललेली. नंतर काही नावांपुढे ओळीने 'गै', 'गै', 'गै', थेट मार्च-एप्रिलपर्यंत. या कोयत्यावर गेलेल्या घरांतल्या मुली. आईबाप फडात, आणि थोरलीने कोपीवर भाकऱ्या करायच्या, धाकटं सांभाळायचं. हंगामी वसतिगृहं, साखरशाळा हे शब्द आपण नंतर ऐकले. आपल्या वर्गात तेव्हा त्यातलं काही नव्हतं. शाळेचं वर्ष जूनला सुरू होत होतं, ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि दोन्हींमध्ये कोणी बोलणी केली नव्हती. त्यांतल्या चौघींचा पत्ता अजून लागलेला नाही. दोघी केज तालुक्यातल्या तांड्यावरच्या होत्या, एवढंच बाईंना आठवतं.

मेळावा नाताळच्या सुट्टीत ठेवला आहे. माझ्यासारख्या पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या मैत्रिणींना रजा मिळते म्हणून. त्या दिवसांत गाळप ऐन भरात असतं. पुढचा मेळावा अक्षय तृतीयेनंतर ठेवावा, असं मी समितीला लिहून दिलं आहे. तोवर त्या चौघींपैकी कोणाचा फोन नंबर मिळाला, तर मला कळवा.