प्लेगच्या साथीतले थकलेले हात

डॉ. अकासियो व्हिएगस यांचा पुतळा मुंबईकरांनी धोबीतलावावर, मेट्रो चित्रपटगृहासमोर उभारला. हे गृहस्थ मूळचे गोव्यातील हडफड्याचे. 1896च्या सप्टेंबरात मांडवीतील रोगी तपासून ‘हा प्लेग आहे’ असे त्यांनी उघडपणे सांगितले, तेव्हा मुंबईत एकच हलकल्लोळ उडाला. पुतळा योग्यच माणसाचा झाला, यात शंका नाही. परंतु साथ काही एका माणसाच्या निदानाने हटत नाही. तिच्याशी महिनोन् महिने झुंजायला शेकडो हात लागतात आणि ते हात थकतात. इतिहासाच्या पुस्तकात लढाया सापडतात, तह सापडतात. थकवा मात्र क्वचितच सापडतो. मी शाळामास्तर असल्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो.

डॉ. हाफकिन यांचेच उदाहरण पाहा. त्याच साली ऑक्टोबरात ते मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात लस शोधण्याच्या कामाला लागले. जागा म्हणाल तर एक लहानशी खोली आणि बाहेरची पडवी. माणसे म्हणाल तर एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या काढ्याने भरलेल्या चंबूंत प्लेगचे जिवंत जंतू वाढवायचे. काढ्यावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतू त्यांना लोंबकळून खाली वाढत. चंबू अधूनमधून हलवायचे, की ते तळाशी बसत आणि वर पुन्हा नवी वाढ होई. आठवडेच्या आठवडे हेच चालले होते. शेवटी ऊब देऊन जंतू मारायचे, की झाली लस. आपल्या देवघरातले तूप या कामी आले, हे वाचताना गंमत वाटते. पण त्या खोलीत गंमत कुठली असायला! हातून एक चंबू निसटला तर काय होईल, हे तिथल्या शिपायांनाही कळत होते. दिवसभर तिथे राबायचे आणि रात्री घरी आपल्या मुलाबाळांत जायचे.

तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या मागे आणखी एक ओळ आहे, ती सहसा कोणी वाचत नाही. त्या तीन महिन्यांत त्यांच्या मदतनिसांपैकी एकाचे मन पार खचले आणि दोघे काम सोडून निघून गेले. मला त्या दोघांना पळपुटे म्हणवत नाही. 1891च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांची असलेली मुंबई, पण 1897च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही.

तिकडे आर्थर रोडच्या इस्पितळात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, डॉ. नसरवानजी चोक्सी रोग्यांची व्यवस्था पाहत होते. इथे येणारा रोगी बहुधा अखेरच्या घटका मोजतच येई, मग जगायचा कसा? पण गावात बोलवा उठली, की इस्पितळातच माणसे मारतात. जबरदस्तीने रोगी उचलून नेण्याच्या हुकमाने लोक आधीच चिडलेले होते. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ होते. घरातली लेकीसून परक्या पुरुषाने तपासावी, हे कोणाला रुचणार? दिवाळी आठवड्यावर आली असताना, 29 ऑक्टोबर 1896 रोजी, हजारभर गिरणी कामगार इस्पितळावर चालून गेले. ज्यांनी रात्री जागून रोग्यांच्या उलट्या काढल्या, त्यांच्याच अंगावर ही माणसे धावून आली.

दुसऱ्याच दिवशी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम सौम्य केला. त्यामागे आणखी एक धास्ती होती. शहराची घाण उपसणारे हलालखोर घाबरून निघून गेले, तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे साहेबांना पक्के कळून चुकले होते. डॉक्टर गेला तर दुसरा आणता येईल, टोपली उचलणारा कोठून आणणार? एरवी ज्याच्या सावलीचाही विटाळ मानायचा, त्याच्यावाचून शहर चालत नाही, हे कळायला प्लेग यावा लागला. तो गेल्यावर शहर ते विसरलेही.

पुण्याकडची हकीकत आणखी जिव्हारी लागणारी आहे. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता. सावित्रीबाईंचे वय तेव्हा सहासष्टच्या पुढे. मुंढव्याजवळच्या वस्तीत पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मुलगा वाचला. 10 मार्च 1897 रोजी बाई प्लेगनेच गेल्या. आपण त्यांचा त्याग सांगतो, आणि तो सांगावाच. पण त्या पाठीला विसावा देणारे कोणी भोवती होते का, असे विचारायचे कोणाच्या मनात येत नाही.

माणूस कष्टाने थकतो, तो झोपेने ताजा होतो. जो मोडतो, तो बहुधा निराळ्याच कारणाने मोडतो: कष्ट करूनही रोगी हातचा जातो, आणि ज्यांच्यासाठी झिजावे त्यांच्याच डोळ्यांत संशय दिसतो. हाफकिन यांना प्लेगने मोडले नाही. 1902 साली पंजाबात मुलकोवाल गावी त्यांच्या लशीनंतर 19 माणसे धनुर्वाताने दगावली, आणि ठपका आला यांच्यावर. दोष लशीचा नव्हता, बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या चिमट्याचा होता. पण ते निर्दोष ठरायला 1907 साल उजाडले. नंतर ते हिंदुस्थानात परतले खरे, परंतु मुंबईच्या आपल्या प्रयोगशाळेत नव्हे, कलकत्त्याला. 1925 साली मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते दूर युरोपात होते.

अशा मोडण्याला नावदेखील नव्हते. 1974 साली न्यूयॉर्कच्या फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ते दिले: ‘बर्नआउट’. दिवसा स्वतःचा व्यवसाय आणि रात्री फुकट दवाखाना चालवून तो स्वतःच त्यातून गेला होता. पणतीतले तेल संपले, की वातच जळू लागते; आपल्या बायकांना हे त्याने सांगायची गरज नव्हती.

2020 साली करोना आला, तेव्हा मुंबईचे पहिले रोगी त्याच आर्थर रोडच्या इस्पितळात गेले. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपण सर्वांनी टाळ्या-थाळ्या वाजवल्या. आणि बरोबर महिन्याने, 22 एप्रिलला, डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणाऱ्यास तुरुंगात धाडण्याचा वटहुकूम काढावा लागला. दुरुस्ती झाली ती 1897च्या प्लेगच्याच कायद्यात! जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभर करोनाने सुमारे 1,15,000 आरोग्यसेवक गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आणि आपल्या खेडोपाडीच्या आशाताई? दारोदार जाऊन ताप मोजायचा, प्राणवायू मोजायचा, वर ‘तुम्हीच रोग घेऊन येता’ असे ऐकून घ्यायचे, आणि घरी आल्यावर अंगणातच अंघोळ करून चुलीपाशी बसायचे. 15 जून 2021 रोजी महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशांनी काम थांबवले. ऐन साथीत संप कसला, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मानधनात महिना हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता कबूल झाला, 23 जूनला संप मिटला, आणि बाया पुन्हा पिशव्या खांद्याला लावून घरोघर निघाल्या.