चालीवरचा सवाल

कोडे म्हटले की सुट्टीतला रिकामा वेळ आठवतो, फार तर मासिकाचे शेवटचे पान. मराठीत मात्र कोडे गाण्याची जुनी रीत आहे. दुर्गा भागवतांनी १९६५ साली भारतीय जीवनातल्या आणि वाङ्मयातल्या कोड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला, म. वा. धोंडांनी ‘मऱ्हाटी लावणी’त शाहिरी कवनांचा साक्षेपाने विचार केला. या दोन वाटा जिथे मिळतात तिथवर वाचकांची सोबत करावी, एवढाच पुढील पानांचा हेतू.

या प्रांताचे वैभव पाहायचे तर भेदिक शाहिरीपासून सुरुवात करावी. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. एका फडाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो उकलायचा. सवाल पुराणातला असतो, पंचमहाभूतांचा असतो, नऊ दारांच्या देहनगरीचा असतो. कधी समोरच्याची निव्वळ खोड काढणारा. डफ आणि तुणतुण्याच्या साथीवर शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलून घोळवतात, आणि तेवढ्या अवधीत प्रतिपक्ष जवाब जुळवू लागतो. छापील कोड्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये फक्त पान उलटायचे असते. फडात ती मधली जागा गाण्याने भरते, आणि माझ्या मते सगळी कला तिथेच आहे. जवाब आधीच ठाऊक असलेला जाणता श्रोताही उठून जात नाही. जवाब कसा येतो, किती ताणून येतो, हे त्याला ऐकायचे असते. अनंत माने यांच्या ‘सवाल माझा ऐका!’ (१९६४) या चित्रपटाने ही चुरस शहरी प्रेक्षकांपुढेही मांडली.

संतांची कूटे वेगळ्या स्वभावाची. मुक्ताबाईंच्या अभंगातली मुंगी आभाळात उडते आणि सूर्याला गिळते. ज्ञानदेवांच्या नावावरच्या एका रचनेत काट्याच्या टोकावर तीन गावे वसतात; दोन ओसाड, तिसरे वसलेच नाही. मग त्या न वसलेल्या गावातच पुढचे तिघे येतात आणि अशक्याची साखळी वाढत जाते. इथे कोणी हरत नाही, जिंकत नाही. टाळाच्या लयीत बुद्धी थकावी आणि तरी ओठ थांबू नयेत, अशीच ही बांधणी आहे. टीकाकार एकेका गावाचा अर्थ लावतात. तो जरूर वाचावा, पण अभंग दोन-चारदा म्हणून झाल्यावर.

या पंगतीत भोंडल्याला बसवताना काही विद्वान कदाचित नाक मुरडतील. पण हत्तीभोवती फेर धरून गाणी झाली की झाकलेला डबा पुढे येतो, हलवून त्याचा आवाज ऐकवला जातो, आणि मुली खिरापत ओळखू लागतात. गोड की तिखट, वाजते की गप्प बसते, असे विचारत विचारत उत्तर गाठायचे. गाण्यांनी जमवलेला जिव्हाळा या कोड्यात खर्ची पडतो.

वाचकांनी प्रत्येक संहिता आधी मोठ्याने म्हणावी. जमल्यास मांडीवर ठेका धरावा. जवाब शेजारीच छापला असेल तर हाताने झाका. सांख्यांची पंचवीस तत्त्वे किंवा पुराणातली नातीगोती लगेच लागली नाहीत तर अडून बसू नका. एकच संकेत वेगवेगळ्या कवनांत पुन्हा पुन्हा भेटतो आणि हळूहळू ओळखीचा होतो. रत्नागिरीकडे गणपतीच्या दिवसांत शक्ती-तुऱ्याचा सामना ऐकण्याचा योग आला, तर वही घरीच ठेवा आणि झीलकऱ्यांजवळची जागा धरा. शाहिराचा एखादा शब्द निसटला तरी त्यांच्या तोंडून तो पुन्हा मिळतो.