विद्यार्थ्याचे मत : एका हक्काचा इतिहास

वाटूर हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला. तोपर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यात मोडत असे. जिल्हा बदलला, तरी शिक्षणाची वाट बदलली नाही. बारावीनंतर इथली मुले-मुली परतूर, मंठा, जालना वा छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. महाविद्यालयात त्यांना ग्रंथालय मिळते, प्रयोगशाळा मिळते. परंतु बरोबरीच्या मुलांपुढे उभे राहून मत मागण्याची जी संधी आधीच्या पिढीला होती, ती मात्र मधल्या काळात नाहीशी झाली. ती कशी गेली, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील तरुणांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे. १९३८ साली तेथे वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी सत्याग्रह केला. त्यापायी ज्यांचे शिक्षण तुटले, त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातही विद्यार्थीच आघाडीवर होते. तात्पर्य, या भूमीतील विद्यार्थी सार्वजनिक प्रश्नांपासून कधीच अलिप्त नव्हता.

या जागृतीला रोजच्या व्यवहारात वळण देण्याचे काम विद्यार्थी संसदेच्या निवडणुका करीत. वर्गप्रतिनिधी, सचिव म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला 'जी. एस.' आणि विद्यापीठ प्रतिनिधी म्हणजे 'यू. आर.', ही पदे ग्रामीण मुलाला फार मोठी वाटत. वसतिगृहातील पाणी, एस.टी.चा पास, ग्रंथालयाची वेळ, असे प्रश्न घेऊन तो वर्गावर्गांत जाई. अनोळखी मुलाशी बोलणे, विरोधकाचे ऐकून घेणे आणि पराभव झाल्यास दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर जाऊन बसणे, हे सारे तो तिथे शिके. हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

पण या चित्राला दुसरी बाजूही होती. राजकीय पक्षांचा पैसा आणि दंडेली महाविद्यालयांच्या आवारात शिरली. उमेदवारांना पळवून नेणे, मारामाऱ्या करणे असे प्रकार होऊ लागले. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांना हे नाव आजही आठवत असेल. शिकायला पाठविलेला मुलगा निवडणुकीपायी परत येत नाही, याहून मोठे दुःख कोणत्या आईबापांना असेल? थेट निवडणुका नकोत, ही मागणी त्या वेदनेतून बळावली आणि ती समजण्यासारखी होती.

योगायोग असा, की त्याच १९८९ साली ६१ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. देशाने तरुणाच्या हाती मत दिले. मात्र पाचच वर्षांनी महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ आला आणि महाविद्यालयातील त्याचे थेट मत गेले. परीक्षेत अव्वल आलेला विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी ठरू लागला आणि अशा नियुक्त प्रतिनिधींनी आपल्यातून सचिव निवडावा, अशी रीत पडली. लोकसभेचा सभासद निवडण्यास पात्र असलेला तरुण आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास अपात्र ठरला! गुणवत्तेचा आम्हांला आदरच आहे. परंतु गुणपत्रिका आणि लोकांचा विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

रोग होता हे खरे. पण त्यावर दुसरा उपाय नव्हता काय? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ साली तो सुचविला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह तिचे अध्यक्ष होते. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत असावा, छापील भित्तिपत्रके नसावीत, हजेरी ७५ टक्के असावी, गुन्ह्याची नोंद नसावी आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतचे सारे काम दहा दिवसांत उरकावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. मत काढून न घेता पैसा आणि दंडेली आवरण्याचा हा मार्ग होता.

महाराष्ट्राने पुढे नवा विद्यापीठ कायदा केला. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांचा एक प्रतिनिधी यांची थेट निवड करण्याची तरतूद केली. २०१९ मध्ये निवडणुकीचा कार्यक्रमही जाहीर झाला; पण विधानसभा निवडणुकीमुळे तो पुढे ढकलण्यात आला आणि पुढच्या वर्षी करोनाने महाविद्यालयेच बंद पाडली. कागदावर परत आलेला हक्क त्या वर्षांत विद्यार्थ्याच्या हाती पडला नाही.

या लांबणीचा तोटा सर्वांना सारखा होत नाही, असे आम्हांला वाटते. ज्याच्या घरी राजकारण आहे, त्याला व्यासपीठ घरातच मिळते. वाटूरसारख्या गावातून आलेल्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या मुलीला ते महाविद्यालयातच मिळू शकते. म्हणून उद्या आपल्या घरातील एखादे मूल "मी उभा राहू का?" किंवा "मी उभी राहू का?" असे विचारील, तेव्हा भीतीपोटी त्याला एकदम नकार देऊ नये. खर्च कोण करणार, बरोबर कोण आहेत आणि निवडून आल्यावर तू काय करणार, हे तीन प्रश्न त्याला विचारावेत. उत्तरे प्रामाणिक असतील, तर त्याच्या पाठीशी उभे राहावे.