मोमिनाबाद कुठे गेले?

1951 सालच्या जनगणनेत, हैदराबाद राज्याच्या भीर जिल्ह्याखाली, मोमिनाबाद नावाचा तालुका आहे. 1969 साली महाराष्ट्र शासनाने भीर जिल्ह्याचे गॅझेटिअर काढले, त्यात त्याच जागी अंबेजोगाई, म्हणजे आजचे अंबाजोगाई, आहे. गाव तेच, योगेश्वरीचे देऊळ तेच, जयंती नदी तीच. म्हणजे अठरा वर्षांच्या आत कधीतरी सरकारी कागदावर एका नावाने दुसऱ्याची जागा घेतली. (जिल्ह्याचे नाव मात्र दोन्हीकडे ‘भीर’च; ‘बीड’ रूढ व्हायला अजून अवकाश होता.) एवढ्या दोन नोंदींवरून ‘मूळ नाव परत आले’ असे म्हणून टाकणे सोपे आहे. पण मूळ नाव म्हणजे नेमके कोणत्या काळचे, आणि मधले नाव कोणत्या वाटेने आले, हे कागद पुढे मांडूनच ठरवावे लागते.

सर्वांत भक्कम साधन दगडाचे. ग. ह. खरे यांनी ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात (1930) आंब्याचे, म्हणजे अंबाजोगाईचेच, यादवकालीन शिलालेख छापले. त्यांतला एक शके 1150चा, म्हणजे इ.स. 1228चा, आणि एक शके 1162चा, म्हणजे इ.स. 1240चा. दोन्हींचा संबंध यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्याशी. दुसरा लेख वाचताना मन थांबते. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला, आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ उभारले. आज लोक त्या देवळाला खोलेश्वराचे मंदिर म्हणतात. बहिणीने भावासाठी बांधले, नाव लागले बापाचे. खोलेश्वर मूळचा विदर्भातला. अमरावती जिल्ह्यातले खोलापूर त्याच्याच नावाने ओळखले जाते असे अभ्यासक मानतात. आंब्यात त्याचे नाव देवळापुरते राहिले, गावाला लागले नाही. तेराव्या शतकात इथे राजसत्तेचे मोठे ठाणे होते, एवढे या दगडांवरून निश्चित म्हणता येते.

यापुढचे साधन जास्त मोहात पाडणारे आहे, म्हणून जास्त सावधपणे हाताळायचे. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ शके 1110, म्हणजे इ.स. 1188, असा परंपरेने धरला जातो, आणि स्थळ म्हणून अंबानगरीचे नाव येते. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, तेव्हा प्रश्न मिटला असे वाटते. पण ग्रंथातल्या स्थळनिर्देशात नदीही आहे, आणि ती वैनगंगा असे वाचले तर बोट थेट विदर्भाकडे जाते; वैनगंगेच्या काठी आंभोरा आहेच. अंबाजोगाईच्या बाजूचे लोक नदीचे नाव वेगळे लावतात. कालनिर्देशाच्या ओव्यांबद्दलही शंका घेतल्या गेल्या आहेत. माझे मत असे की, या वादात जो कोणी जिंकेल तो जिंको, गावाच्या नावाचा पुरावा म्हणून ‘विवेकसिंधू’ वापरू नये. वादग्रस्त साक्षीदाराला आपल्या बाजूने उभे केले की आपल्या चांगल्या साक्षीदारांचेही वजन कमी होते.

चांगला साक्षीदार आहे, पण तो कोणत्याही दप्तरात बसत नाही. योगेश्वरी, म्हणजेच जोगाई, ही अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. सह्याद्रीपलीकडच्या घरांत कुळधर्म सांगताना ‘आंब्याची जोगाई’, ‘जोगाईचे आंबे’ असाच उल्लेख पिढ्यान्‌पिढ्या होत आला. निजामाच्या तालुक्याला काहीही नाव असो, या घरांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. संतकवी दासोपंतांची समाधीही याच गावात. ते 1615 साली गेले. त्यांची कापडावर लिहिलेली लांबलचक पासोडी पाहायला येणारा माणूसही आंब्यालाच येत होता. तोंडी परंपरेला तारीख नसते, ही तिची उणीव. पण एकमेकांपासून इतक्या लांबच्या, वेगळ्या राज्यांतल्या माणसांनी एकच नाव सांभाळावे, हा पुरावा हलका नाही.

आता मोमिनाबाद. इथे कागद इंग्रजी आहेत आणि लष्करी आहेत. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेला 1853च्या तहानंतर हैदराबाद कंटिन्जंट म्हणत. औरंगाबाद, जालना, हिंगोली यांच्याबरोबर मोमिनाबाद हे तिचे ठाणे होते. जून 1857मध्ये औरंगाबादेत जे रिसाले बिघडले ते पहिल्या घोडदळाचे, आणि ते घोडदळ मोमिनाबादहूनच तिकडे हलवलेले होते. बंडाच्या इंग्रजी वृत्तांतांत कॅप्टन ॲबटचे नाव येते, पुण्याहून फौज घेऊन आलेल्या जनरल वुडबर्नचे येते, आणि या सगळ्यात आंबे कुठेच दिसत नाही. दिसते ते मोमिनाबाद. याचा अर्थ 1857च्या आधीच ते नाव लष्करात पक्के झालेले होते. 1903 साली कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, तिचे पहिले लान्सर्स ‘विसावे डेक्कन हॉर्स’ झाले. घोडे गेले. इंपीरिअल गॅझेटिअरने अंबा आणि मोमिनाबाद अशी दोन्ही नावे नोंदवून ठेवली.

इथून पुढे अनुमान, आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे. छावणी ही जुन्या गावाला लागून उभी राहिलेली वेगळी वस्ती असते. तिचा बाजार वेगळा, पोलीस वेगळे, पत्ता वेगळा. जालन्यात हे अजून उघड दिसते: एक कदीम जालना, एक सदर बाजार, आणि दोहोंची ठाणी आजही निराळी. अंबाजोगाईतही सदर बाजार आहे. वस्तीचे हे नाव छावणीच्या दिवसांचे उरलेले चिन्ह असावे. टपाल, पगारपत्रके आणि तोफखान्याचे हिशेब ज्या नावाने फिरतात ते नाव पुढे कचेरीचे होते, आणि कचेरीचे नाव तालुक्याचे.

मोमिनाबादचा अर्थ ‘श्रद्धावानांची वस्ती’ असा सरळ लागतो. दुसराही अर्थ सुचतो, कारण मोमिन हे विणकर समाजाचेही नाव आहे आणि बीड शहरात मोमिनपुरा आहेच. पण एका पेशाच्या मोहल्ल्याला सहसा ‘पुरा’ लागतो. ‘आबाद’ हा दौलताबाद, औरंगाबादच्या पंगतीतला, सत्तेने दिलेल्या नावांचा प्रत्यय. म्हणून माझा कल पहिल्या अर्थाकडे आहे.

ते नाव नुसते शिक्क्यापुरते नव्हते, हेही नोंदवायला हवे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ 1935 साली ज्या गावी आले, त्याचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. ज्या शाळेत शिकवू लागले, ती योगेश्वरीच्या नावाची. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढचे नेतृत्व याच दोन नावांच्या गावात घडत होते. आज त्यांचे नाव तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला आहे.

2023मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा जुने बस्ते पुन्हा उघडले. तिथे कागद उर्दूत, कुठे मोडीत. साल फसली, ज्यात सुमारे 590 मिळवले की इसवी सन येते. अंबाजोगाईच्या ज्या नातवाला आजोबांची नोंद हवी आहे, त्याने तालुक्याच्या रकान्यात अंबाजोगाई शोधत बसू नये. आधी मोमिनाबादचा बस्ता मागावा, 1347 फसली म्हणजे 1937-38 हे ध्यानात ठेवावे, आणि मग आजोबांच्या नावाकडे वळावे.