दोन होल्यांचे घर

लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या बालपणातला एक प्रसंग दोन-तीन ओळींत उरकला आहे. बाळंतपणानंतरच्या शुद्धीसाठी मरिया आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात जातात आणि तिथे अर्पणाचा उल्लेख येतो तो पक्ष्यांच्या जोडीचा. लेवीय पुस्तकातला मूळ नियम असा: मुलगा झाल्यावर 40 दिवसांनी आईने एक वर्षाचे कोकरू आणि एक पक्षी आणायचा. कोकरू परवडत नसेल, तरच दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले चालत. कुटुंब गरीब होते असे लूक म्हणत नाही. नियम ठाऊक असलेल्या वाचकाला कोकराची गैरहजेरी पुरेशी होती.

ही सवलतही कधी कधी महाग पडे. मिश्ना या यहुदी ग्रंथात एक आठवण आहे. एकदा यरुशलेमात पक्ष्यांच्या जोडीचा भाव सोन्याच्या दिनारापर्यंत चढला. तेव्हा रब्बान शिमोन बेन गमलिएल यांनी निर्णय दिला की, पाच बाळंतपणे झालेल्या बाईनेही एकच अर्पण आणले तरी चालेल. भाव त्याच दिवशी कोसळला. धर्माचा भार गरीब बाईच्या पदराला कसा पडत होता, हे यातून कळते. पुढे येशूने मंदिराच्या आवारात व्यापाऱ्यांची आसने उलथली, तेव्हा मार्क पारवे विकणाऱ्यांचा वेगळा उल्लेख करतो. त्याच्या आईने तो भाव मोजला होता, हे इथे विसरून चालत नाही.

घर होते गालीलातल्या नासरेथमध्ये. जुन्या करारात या गावाचे नाव नाही, जोसेफसच्या इतिहासातही नाही. जेमतेम काहीशे माणसांची ही वस्ती. सुमारे 6 किलोमीटरवर सेफोरिस हे शहर. इ.स.पू. 4 मध्ये हेरोद राजा मेल्यावर तिथे बंड झाले, रोमन सैन्याने शहर जाळले आणि रहिवाशांना गुलाम केले. पुढे हेरोद अंतिपाने ते नव्याने बांधले. येशूचे बालपण या राखेच्या आणि बांधकामाच्या शेजारी गेले. मराठी बायबल त्याला सुतार म्हणते. मूळ ग्रीक शब्दात लाकूडकाम आणि बांधकाम दोन्ही येते. आपल्याकडच्या सुताराला निदान बलुत्याचा ठरलेला वाटा असे. नासरेथच्या सुताराला तशी हमी असल्याचे कुठे दिसत नाही.

अशा घरात धर्मशिक्षण कसे होई? देवाची आज्ञा मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना सांगावी, असे अनुवाद हे पुस्तक बजावते. त्याला वेगळी शाळा लागत नाही. वर्षातून एकदा वल्हांडणासाठी यरुशलेमची पायी वारी होई, असे लूक सांगतो. या शिकवणीचा माग येशूच्या दाखल्यांत लागतो. हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, पिठात कालवलेले खमीर, जुन्या कपड्याला लावलेले ठिगळ, एकाच दिव्याने उजळणारे सगळे घर. हे सारे त्याने आईच्या अवतीभोवती पाहिलेले असावे. देवाचे राज्य समजावताना तो राजवाड्यांइतकाच सहज स्वयंपाकघराकडे वळतो.

पण गरीब घर म्हणजे आपोआप श्रद्धाळू घर, असे बायबल मानत नाही. येशू उपदेश करत फिरू लागला तेव्हा त्याला वेड लागले असे समजून घरचे त्याला न्यायला आले. गावानेही हा तर आपला सुतार, म्हणून नाक मुरडले. त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहान स्पष्ट लिहितो. (हे भाऊ सख्खे की नात्यातले, यावर पंथांत मतभेद आहेत.) त्यांतलाच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला. त्याने, पेत्राने आणि योहानाने पौलाला परराष्ट्रीयांत काम करायची मोकळीक दिली आणि मागणे एकच केले: गरिबांची आठवण ठेव. श्रद्धा याकोबाकडे उशिरा आली, पण गरिबांची जाणीव मात्र तो घरूनच घेऊन आला असावा. इ.स. 62 मध्ये त्याला दगडमार करून मारण्यात आले.

या घराची शेवटची झलक युसेबियसच्या इतिहासात आहे, हेगेसिप्पसच्या हवाल्याने. दुसरा भाऊ यहूदा याच्या नातवांना सम्राट डोमिशियनपुढे उभे केले गेले. दाविदाच्या वंशाचे म्हणून बंडाचा संशय होता. मालमत्ता किती, असे विचारल्यावर ते म्हणाले, दोघांत मिळून 9000 दिनारांची, तीही रोकड नव्हे, तर स्वतः कसतो ती जमीन. मग त्यांनी हात पुढे केले. तळव्यांवर घट्टे होते. सम्राटाने तुच्छतेने त्यांना सोडून दिले.

कथा शब्दशः खरी असो वा नसो, त्या मंडळींना आपल्या प्रभूचे घराणे तिसऱ्या पिढीतही असेच आठवत होते. डोमिशियनला त्या हातांत भिण्यासारखे काही दिसले नाही. मंदिरात दोन पक्षी घेऊन आलेल्या जोडप्याकडेही त्या दिवशी फारसे कोणी वळून पाहिले नसेल.