केळीचे पान, पिशवी आणि शिक्का

‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण आज साबणाच्या वेष्टनावर, रंगाच्या डब्यावर, कापडी पिशवीवर, इतकेच काय दात घासण्याच्या ब्रशवरही छापलेले आढळते. ग्राहक अशी वस्तू मागतो, म्हणून उत्पादक ती बनवतो, आणि मागणी वाढते तसे हे विशेषण लावण्याची घाईही वाढते. ही सारी गेल्या काही वर्षांतली नवलाई आहे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे बराच मोठा इतिहास आहे. हा इतिहास समजून घेण्यासाठी वसई-विरारचा परिसर सोयीचा आहे. निसर्गातून मिळणारे वेष्टन, त्याची जागा घेणारे प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकनंतर पुन्हा पानाकडे वळू पाहणारी बाजारपेठ, या तिन्ही अवस्था या एका पट्ट्यात पाहायला मिळतात.

विशेषण नव्हते तेव्हा

वसईचा किनारा १५३४ च्या तहानंतर पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर मराठ्यांकडे आला. राजवटी बदलल्या, पण किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधली बागायत टिकून राहिली. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या बागायती जमिनींचे वर्णन आहे. केळी, ऊस आणि नागवेल ही त्यांतील महत्त्वाची पिके. पुढे फुले आणि भाजीपाला यांचे महत्त्व वाढले.

या बागायतीला मोठी बाजारपेठ मिळाली ती रेल्वेमुळे. बीबीसीआय रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी धावली. सकाळी तोडलेला माल काही तासांत शहरात पोहोचू लागला. पाने, फुले आणि भाजी हा नाशवंत माल असल्यामुळे त्याच्या व्यापारात वेळेला फार किंमत असते.

या व्यापारात वेष्टन कशाचे होते? टोपली बांबूची, बांधायला केळीच्या सोपाची दोरी आणि झाकायला केळीचेच पान. आगाशी परिसरातली सुकेळी हे याचे उत्तम उदाहरण. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांतले पाणी कमी होते आणि साखरेचे प्रमाण वाढते. सूक्ष्मजीवांना वाढायला मोकळे पाणी लागते. ते उरले नाही की फळ टिकते. अशी सुकेळी केळीच्याच वाळलेल्या पानात बांधून विकली जात. फळ आणि वेष्टन एकाच झाडाचे. खाऊन झाल्यावर पान परसात टाकले तरी त्याचा प्रश्न उभा राहत नसे. याला कोणी ‘पर्यावरणस्नेही’ म्हणत नव्हते. जे जवळ होते, स्वस्त होते आणि कामाचे होते, ते वापरले जात होते, एवढेच.

जुन्या काळाबद्दल बोलताना हा मुद्दा विसरू नये. आपले पूर्वज पर्यावरणाचा विचार करून पान वापरत होते असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे खरे नाही. पानापेक्षा सोयीची वस्तू आली तेव्हा त्यांनीही पान सोडलेच.

पॉलिथीनचे आगमन

ती सोयीची वस्तू इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघाताने हाती लागली. १९३३ मध्ये आयसीआय कंपनीचे फॉसेट आणि गिब्सन हे रसायनशास्त्रज्ञ एथिलीन वायूवर अतिशय उच्च दाबाचे प्रयोग करत होते. उपकरणात त्यांना मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथीन. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबाखाली ते बनवण्याची रीत शोधली आणि त्याचे उत्पादन स्वस्त झाले. हातात धरायला दोन कान असलेली, एकाच तुकड्यातून कापलेली पिशवी स्टेन गुस्ताफ थुलिन या स्वीडिश अभियंत्याने रचली. तिचे अमेरिकी पेटंट १९६५ सालचे आहे.

भारतात हा उद्योग रुजला तो आपल्याच परिसरात. १९६० च्या दशकात ट्रॉम्बे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. पुढे वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणारे अनेक छोटे कारखाने आले. म्हणजे रेल्वेच्या पश्चिमेला केळीच्या वाड्या आणि पूर्वेला प्लॅस्टिकचे साचे, असे चित्र एकाच तालुक्यात तयार झाले. या गाळ्यांवरही कितीतरी कुटुंबांचे पोट चालते, हेही लक्षात ठेवायला हवे.

मेण आणि पॉलिथीन

पान कुजते आणि पिशवी कुजत नाही, हे विद्यार्थ्यांना माहीत असते. का कुजत नाही, असे विचारले तर ‘ते कृत्रिम आहे म्हणून’ असे उत्तर येते. हे उत्तर अपुरे आहे.

केळीच्या पानावर पाणी टाकले तर त्याचे थेंब घरंगळतात. पानावर मेणाचा पातळ थर असतो म्हणून असे होते. या मेणाच्या रेणूंमध्ये कार्बन अणूंच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांना हायड्रोजन जोडलेला असतो. पॉलिथीनचा रेणूही असाच, कार्बन आणि हायड्रोजनचा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघे एकाच कुळातले आहेत. फरक लांबीचा आहे. पानावरच्या मेणाच्या साखळीत साधारणपणे काही दशके कार्बन अणू असतात, तर पॉलिथीनच्या साखळीत हजारो. आखूड साखळ्या जिवाणू पेशीत घेऊन पचवू शकतात. हजारो अणूंची साखळी पेशीत शिरू शकत नाही आणि बाहेरच्या बाहेर तिचे तुकडे करण्याचे प्रभावी साधन बहुतेक जिवाणूंपाशी नाही. पानाचा मुख्य भाग सेल्युलोजचा. त्याचीही साखळी लांबच असते, पण ती ग्लुकोजच्या कड्यांची असते आणि त्या कड्या तोडणारी विकरे अनेक बुरशा आणि जिवाणू तयार करतात.

तेव्हा ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ या दोन खणांत वस्तू टाकून भागत नाही. रेणूची रचना कशी आहे आणि तो तोडणारे कोणी आहे का, हे पाहावे लागते. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनवलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पेल्यांचे उदाहरण घ्या. त्यांचा कच्चा माल शेतातला, म्हणून ते ‘हिरवे’ म्हणून विकले जातात. ते कुजतात, पण त्यासाठी मोठ्या खतप्रकल्पातले साधारण ५८ अंश सेल्सिअस तापमान लागते. असा पेला खाडीत फेकला तर तो दीर्घकाळ तसाच राहतो.

गिऱ्हाइकाचा आवाज

वस्तूच्या पर्यावरणीय परिणामाची चौकशी ग्राहक करू लागला, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होईल, असे दाखवून दिले. हे वायू फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जात. अमेरिकेत या डब्यांवर बंदी आली १९७८ मध्ये, पण त्याआधीच अनेक ग्राहकांनी ते घेणे सोडले होते. १९७५ मध्ये एका मोठ्या कंपनीने स्वतःहून हे वायू वापरणे थांबवल्याचे जाहीर केले. कायद्याआधी बाजार हलला होता.

१९७८ मध्येच पश्चिम जर्मनीने ‘निळा देवदूत’ हे चिन्ह सुरू केले. कमी हानिकारक वस्तू ओळखता यावी, हा त्याचा उद्देश. भारत सरकारने १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना आणली. साबण, कागद, रंग, वेष्टने, बॅटऱ्या अशा वस्तूंसाठी निकष ठरवले आणि चिन्ह म्हणून निवडला मातीचा घडा. घडा मातीतून येतो, भाजायला थोडी ऊर्जा लागते आणि फुटला की पुन्हा मातीत जातो. चिन्ह नेमके होते, पण योजनेला प्रतिसाद मात्र फारच थोड्या उत्पादकांकडून मिळाला. शिक्का घ्यायचा तर तपासणीचा खर्च करावा लागे, आणि शिक्का पाहून वस्तू घेणारा ग्राहक तेव्हा पुरेसा नव्हता. २०२४ मध्ये या योजनेच्या जागी नवे नियम आले. त्याच वर्षी पर्यावरणाबाबतच्या फसव्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. मागणी वाढली की खोटा माल येतोच. इथे खोटा माल म्हणजे खोटे विशेषण.

बंदी आणि नवी बाजारपेठ

२६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईची गटारे तुंबण्याच्या कारणांमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे नाव पुढे आले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ रोजी राज्याने पिशव्या, ताटे, पेले अशा अनेक वस्तूंवर व्यापक बंदी जाहीर केली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. प्रत्येक बंदीबरोबर पर्यायांची बाजारपेठ वाढली. उसाच्या चिपाडाच्या ताटल्या, कागदी पेले, सुपारीच्या विरीच्या थाळ्या आणि कापडी पिशव्या दुकानांत दिसू लागल्या.

मात्र पर्याय तोलूनच घ्यावा लागतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. हवामानावरील परिणामाच्या बाबतीत पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या एका वापराशी बरोबरी करायला कागदी पिशवी ३ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यात आढळले. कापसाला पाणी, खत आणि ऊर्जा लागते, त्याचा हा परिणाम. या हिशेबात खाडीत अडकलेल्या पिशवीचे नुकसान मोजलेले नाही, म्हणून तो प्लॅस्टिकच्या बाजूचा निवाडा नव्हे. पण समारंभात वाटलेली आणि कपाटात पडून राहिलेली कापडी पिशवी पर्यावरणस्नेही नसते, हे त्यातून कळते. वस्तूइतकीच तिची वापरण्याची सवय महत्त्वाची.

पान येते कुठून?

आता पुन्हा वसईकडे वळू. केळीच्या पानाला मागणी वाढली तर वसईच्या वाड्यांना चांगले दिवस यावेत, असे वाटणे साहजिक आहे. पण पान येण्यासाठी वाडी लागते आणि वाडीला गोडे पाणी लागते.

समुद्रकाठी जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त असते. त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलंड्समधील बादोन घायबेन यांनी आणि १९०१ मध्ये जर्मनीतील हर्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे एक नियम मांडला. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर आदर्श परिस्थितीत गोडे पाणी समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटर खोल असते. याची दुसरी बाजू धोक्याची आहे. उपशामुळे पातळी कायमची १ मीटर खाली गेली, तर खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकू शकते.

वसईकरांना हे सूत्र ठाऊक नव्हते, पण त्यांची व्यवस्था त्याला धरून होती. वाड्यांमध्ये ‘बावखले’ खोदलेली असत. या उथळ तळ्यांत पावसाचे पाणी साठे आणि हळूहळू जमिनीत मुरे. रहाटाने पाणी उपसण्याचा वेग बैलाच्या चालीइतकाच असे. विजेचा पंप आला तशी ही मर्यादा गेली. पुढे वाढत्या वस्तीसाठी आणि बांधकामांसाठी विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. अनेक बावखले बुजवली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने पाण्याच्या उपशाविरुद्ध आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी लढा दिला. तरी शहर वाढतच गेले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती.

म्हणजे शहर ‘हिरवी’ वस्तू मागते आहे आणि तेच शहर ती जिथे पिकते ती जमीन व्यापते आहे. दोन्ही मागण्या बाजारातूनच येतात आणि बहुधा जमिनीची मागणी जास्त पैसे मोजते. वस्तूवरचा शिक्का ती कशी कुजेल हे सांगेल, ती जिथून आली तिथल्या विहिरीचे पाणी गोडे उरले आहे की नाही, हे सांगणार नाही.

वर्गात करून पाहा

दोन साधे उपक्रम सुचवतो. जूनमध्ये कुंडीतल्या किंवा शाळेच्या बागेतल्या ओल्या मातीत केळीचे पान, वर्तमानपत्राचा कागद, आतून चकाकी असलेला कागदी पेला, सुती कापड आणि पिशवीचा तुकडा, सारे एकाच आकाराचे, पुरून ठेवा. दर पंधरा दिवसांनी उकरून नोंद करा. कागदी पेल्यात बहुधा एक पातळ पापुद्रा शिल्लक राहील. तो कशाचा, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

दुसरा उपक्रम इतिहासाचा. घरातल्या आजी-आजोबांना विचारून एका वस्तूची यादी करायची: तेल, मासळी, फुले किंवा मिठाई १९६० च्या सुमारास कशात बांधून मिळे, १९९० मध्ये कशात आणि आज कशात. प्रत्येक वेळी बदल का झाला, याचे कारणही लिहायचे. किंमत, टिकाऊपणा, सोय, कायदा आणि पर्यावरणाची काळजी, यांपैकी कोणते कारण किती वेळा येते, ते मोजा. वसई-विरारच्या शाळांनी यादीत आणखी एक रकाना घालावा: ते पान किंवा ती फुले ज्या वाडीतून येत, तिथे आज काय आहे?